बातमीचा दुसरा लेखक

1832 साली पॅरिसमध्ये शार्ल-लुई हावास नावाच्या गृहस्थाने एक छोटी कचेरी थाटली. परदेशी वृत्तपत्रे मागवायची, त्यांतला कामाचा मजकूर निवडायचा, तो फ्रेंचमध्ये उतरवायचा आणि वृत्तपत्रांना विकायचा, एवढाच तिचा व्यवसाय. तीन वर्षांनी, 1835 मध्ये, याच कचेरीची हावास वृत्तसंस्था झाली. जगातली पहिली वृत्तसंस्था म्हणून तिचेच नाव घेतले जाते. पुढे बर्लिनमध्ये वोल्फ आणि लंडनमध्ये रॉयटर यांनी आपापल्या वृत्तसंस्था काढल्या. ते दोघेही आधी हावासकडे उमेदवारी करून गेलेले. त्याच 1832 च्या जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेही इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापत. बातमीचा आधुनिक धंदा अनुवादाच्या टेबलावर उभा राहिला आहे, आणि तरीही वृत्तपत्रांच्या इतिहासात अनुवादकाचे नाव शोधायला गेले तर ते क्वचितच सापडते. याला कारण आहे. एस्पेरान्सा बिएल्सा आणि सुझन बॅसनेट या दोन अभ्यासकांनी 2009 मध्ये जागतिक बातम्यांतील अनुवादावर एक पुस्तक लिहिले. मोठ्या वृत्तसंस्था ‘अनुवादक’ म्हणून वेगळी माणसे सहसा नेमत नाहीत, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. तिथे अनुवाद होतो तो पत्रकारांच्या हातून, बातमी लिहिण्याच्या कामाचाच एक भाग म्हणून, आणि तो करणारे लोक आपल्या कामाला अनुवाद म्हणायलाही तयार नसतात.

हा निष्कर्ष नीट लक्षात घेतला तर एका अगदी व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर बदलते. एखाद्या संपादकाला, प्रकाशकाला, माहितीपट करणाऱ्याला किंवा स्वयंसेवी संस्थेला फ्रेंच पत्रकारी मजकूर डचमध्ये हवा आहे. डच ही नेदरलँड्सची आणि बेल्जियमच्या उत्तर भागाची, म्हणजे फ्लँडर्सची भाषा. ती बोलणारे लोक अडीच कोटींच्या आसपास. फ्रेंच ही त्यांच्या लगेच दक्षिणेच्या शेजाऱ्यांची भाषा. त्यामुळे ही गरज अपवादाची नाही, रोजची आहे. ती भागवायला बहुतेक जण अनुवादकांच्या यादीकडे वळतात, भाषांची जोडी पाहतात, पदवी पाहतात, दर विचारतात आणि विषयांच्या रकान्यात ‘पत्रकारिता’ असे लिहिलेले दिसले की निर्धास्त होतात. माझे म्हणणे असे की हा शोध चुकीच्या टोकाने सुरू होतो. बातमीचा अनुवादक हा त्या बातमीचा दुसरा लेखक असतो. म्हणून तो शोधायचा तर पत्रकार जसा शोधतात तसा शोधला पाहिजे: आधी बातमीची समज, मग भाषा. भाषा दुय्यम आहे असे मी म्हणत नाही. ती असलीच पाहिजे. पण भाषेची परीक्षा घेणारे बरेच आहेत आणि बातमीच्या समजेची परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून भर तिथे द्यायला हवा.

सर्वात चांगला पुरावा बेल्जियममध्ये मिळतो, कारण ही दोन भाषांची जोडी त्या देशाच्या रोजच्या कारभारात आहे. ‘बेल्गा’ ही तिथली राष्ट्रीय वृत्तसंस्था 1920 मध्ये स्थापन झाली. ती फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत बातम्या देते. एका भाषेच्या डेस्कवर आलेली बातमी दुसऱ्या भाषेचा पत्रकार उचलतो आणि आपल्या वाचकासाठी पुन्हा बांधतो. मीडियाफिन या एकाच कंपनीची दोन अर्थविषयक दैनिके आहेत, डचमधले ‘दे टेइट’ आणि फ्रेंचमधले ‘लेको’. रुलार्टा या फ्लेमिश समूहाने डचमध्ये ‘क्नाक’ आणि फ्रेंचमध्ये ‘ल व्हीफ’ ही साप्ताहिके चालवली. सरकारी दूरचित्रवाणीच्या दोन संस्था, डच व्हीआरटी आणि फ्रेंच आरटीबीएफ, 1960 मध्ये प्रशासकीयदृष्ट्या वेगळ्या झाल्यावरही ब्रुसेल्समध्ये दशकानुदशके एकाच संकुलात नांदल्या. इतकी जवळीक असूनही या जोड्यांतले एकही नियतकालिक दुसऱ्याची हुबेहूब प्रत नाही. एकाच घरातली दोन वृत्तपत्रे वेगळा मथळा देतात, वेगळा परिच्छेद वर घेतात, वेगळी पार्श्वभूमी जोडतात. ज्यांना रोज हे काम करावे लागते, त्यांनी शब्दशः उतरवण्याची वाट धरलेली नाही. यामागे दोन समाजांचे वाकडे आहे असे बाहेरच्याला वाटू शकते, आणि थोडेफार ते असेलही. मुख्य कारण मात्र कामाच्या स्वरूपातच आहे.

त्यासाठी फ्रेंच बातमीतले एक क्रियापद जवळून पाहू. फ्रेंच पत्रकार खात्री नसलेली गोष्ट सांगताना संकेतार्थी रूप वापरतो. मराठीत आपण ‘असे समजते’ किंवा ‘सूत्रांनुसार’ म्हणून जबाबदारी दुसऱ्याकडे देतो. फ्रेंचमध्ये तेच काम क्रियापदाचा नुसता प्रत्यय करतो. मंत्र्याने पैसे घेतले, हे साध्या भूतकाळात लिहिले तर तो आरोप वृत्तपत्राचा झाला. संकेतार्थात लिहिले तर ‘घेतल्याचे सांगितले जाते’ एवढाच त्याचा अर्थ. डचमध्येही या कामासाठी एक सहायक क्रियापद आहे, ‘झाउ’. इथपर्यंत सगळे सरळ वाटते. पण फ्रेंच पत्रकारांची आणखी एक सवय आहे: घडून गेलेल्या गोष्टीही ते भविष्यकाळात लिहितात. जाक शिराक यांच्यावरच्या लेखात ‘1995 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष होतील’ असे वाक्य येते. त्याचा अर्थ ते झाले, आणि यात शंकेला जागा नाही. हा भविष्यकाळ डचमध्ये उतरवताना अनुवादकाच्या हाताशी पुन्हा तेच ‘झाउ’ येते. आता एकाच लेखात एक ‘झाउ’ अफवेचे आणि दुसरे निर्विवाद इतिहासाचे. वाचकाने फरक कसा ओळखायचा? त्यात तिसरी भर अशी की ‘या सुधारणेला तीन अब्ज युरो लागतील’ असे वाक्य फ्रेंच संकेतार्थात आले, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, ती मंजूर झाली तर इतका खर्च येईल. दोन, इतका खर्च येत असल्याचे कोणीतरी सांगते आहे. व्याकरण इथे उत्तर देत नाही. उत्तर बातमीत असते: हा आकडा कोणाचा, तो कुठल्या टप्प्यावर आला, त्याला दुजोरा आहे का. पत्रकार हे प्रश्न सवयीने विचारतो. नुसता भाषाज्ञ वाक्य बरोबर उतरवतो आणि पुढे जातो, आणि मथळा करणारा उपसंपादक जागा वाचवण्यासाठी ते एकुलते एक ‘झाउ’ही कापून टाकतो. मग शंकेचे विधान ठाम होते आणि अब्रुनुकसानीची नोटीस येते ती अनुवादाच्या वृत्तपत्राला.

न्यायालयीन बातम्यांत याची किंमत आणखी वाढते. फ्रान्समध्ये 1993 च्या कायद्याने तपासातल्या एका टप्प्याचे जुने नाव बदलले. तपास न्यायाधीशाला एखाद्याविरुद्ध गंभीर किंवा परस्परांशी जुळणारे पुरावे दिसले की तो त्या व्यक्तीला औपचारिकपणे ‘तपासाखाली’ ठेवतो. हे आरोपपत्र नव्हे. खटला चालेल की नाही हेही तेव्हा ठरलेले नसते. माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांना लिबियाकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात मार्च 2018 मध्ये असे तपासाखाली ठेवले गेले. प्रत्यक्ष खटला उभा राहिला तो जानेवारी 2025 मध्ये. मधल्या काळात, खटला चालवायचा हे ठरण्याआधी, ज्या डच वाचकाने ‘सार्कोझींवर आरोपपत्र’ असे वाचले असेल, त्याला चुकीची माहिती मिळाली. बेल्जियमच्या कायद्यात याच्या जवळ जाणारा टप्पा आणि त्याचे रूढ डच नाव आहे, त्यामुळे फ्लेमिश वाचकाला ते वापरून सांगता येते. नेदरलँड्सच्या फौजदारी प्रक्रियेत असा टप्पाच नाही. तिथे एक ओळ खर्चून समजावावे लागते. संशयिताच्या नावाचा प्रश्न वेगळाच. नेदरलँड्समध्ये बरीच वृत्तपत्रे संशयिताचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर देऊन थांबतात. 2004 मध्ये चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉख यांचा खून करणाऱ्याचा उल्लेखही तिथे अनेकदा असाच होत राहिला. फ्रेंच वृत्तपत्रे साधारणपणे पूर्ण नाव छापतात. नाव अर्धे ठेवण्याची डच प्रथा ही कायद्याची सक्ती नाही, व्यवसायाची नीती आहे, आणि मोठ्या प्रकरणांत तिला अपवादही होतात. पण फ्रेंच मजकुरातले पूर्ण नाव डचमध्ये जसेच्या तसे ठेवायचे की नाही हा निर्णय घ्यावा लागतो, हे तरी अनुवादकाला कळले पाहिजे. शब्दकोशात पाहून ते कळत नाही.

कधी कधी एकही शब्द न चुकता बातमी चुकते. 2023 मध्ये फ्रान्समध्ये निवृत्तीवेतनाच्या सुधारणेवरून लाखो लोक रस्त्यावर उतरले. निवृत्तीचे किमान वय 62 वरून 64 करण्याचा तो प्रस्ताव होता. 16 मार्चला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी राज्यघटनेच्या कलम 49 चा तिसरा परिच्छेद वापरून तो राष्ट्रीय सभेत मतदानाविना पुढे रेटला. फ्रेंच वृत्तपत्राला मथळ्यात ‘49.3’ एवढे आकडे पुरतात. फ्रान्समध्ये शाळकरी मुलालाही ते कळतात. डच वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही. पण त्याहून मोठी अडचण ‘64’ या अंकात आहे. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये सरकारी वृद्धवेतनाचे वय 66 वर्षे 10 महिने होते आणि 2024 पासून ते 67 होणार होते. असा वाचक ‘64 ला विरोध’ एवढेच वाचून फ्रेंच लोक आळशी आहेत असे ठरवून मोकळा होईल. त्याला सांगायला हवे की फ्रान्समधले 64 हे किमान वय होते. पूर्ण वेतनासाठी 43 वर्षांची वर्गणीही भरावी लागणार होती, आणि तितकी वर्षे न भरलेल्याला कपातीविना वेतन मिळण्याचे वय तिथेही 67 च होते. डच आणि फ्रेंच हे आकडे एकाच मापाचे नाहीत. मूळ फ्रेंच बातमीदाराने हे लिहिलेले नसते, कारण त्याच्या वाचकाला ते ठाऊक असते. ही ओळ घालणे म्हणजे मूळ लेखात ढवळाढवळ, असे काहींना वाटेल. मला ती घालणे बंधनकारक वाटते. निदान अनुवादकाने संपादकाला समासात टीप लिहून हे सांगितलेच पाहिजे.

याच जातीची, पण लहान अडचण फ्रेंच राजकीय लेखनात पावलोपावली येते. मंत्रालयांना तिथे पत्त्यावरून ओळखतात: बेर्सी म्हटले की अर्थखाते, के द’ऑर्से म्हटले की परराष्ट्र खाते, मातिन्यों म्हटले की पंतप्रधानांची कचेरी. बेल्जियममध्ये तर एकाच गावाला दोन नावे. फ्रेंच मोन्स डचमध्ये बेर्खन होते, लिएजचे लाउक होते. फ्रान्समधल्या लील शहराला फ्लेमिश वृत्तपत्र रेइसल म्हणते, नेदरलँड्सचे वृत्तपत्र मात्र लीलच लिहिते. नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळातल्या सदस्याला फ्लँडर्समध्ये ‘स्खेपन’ आणि नेदरलँड्समध्ये ‘वेटहाउडर’ म्हणतात. त्यामुळे अनुवादक शोधताना पहिला प्रश्न ‘कुठल्या डच वाचकासाठी’ हाच असायला हवा. फ्लँडर्समधल्या गेंटचा वाचक आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा वाचक एकच भाषा वाचतात, 1980 पासून दोन्ही देशांची त्यासाठी सामाईक भाषासंस्थाही आहे. पण बातमीच्या पातळीवर त्यांचे जग वेगळे आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्रमाणपत्राचा. नेदरलँड्समध्ये 2009 पासून शपथबद्ध दुभाषी आणि अनुवादकांची कायद्याने स्थापलेली नोंदवही आहे. बेल्जियममध्येही राष्ट्रीय नोंदवही आहे. शिवाय 1956 पासूनची डच अनुवादक संघटना आहे, बेल्जियमच्या आणि फ्रान्सच्या संघटना त्याहूनही जुन्या आहेत. इतकी व्यवस्था असताना वेगळी वाट कशाला? या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे. जन्मदाखला, करारनामा किंवा निकालपत्र यांच्यासाठी तिला पर्याय नाही. बेल्जियमने तर याची मोठी किंमत मोजून शिकवण घेतली आहे: 1831 ची राज्यघटना फक्त फ्रेंचमध्ये अधिकृत होती, कायदे दोन्ही भाषांत समान दर्जाने करण्याचा कायदा 1898 मध्ये झाला, आणि राज्यघटनेच्या डच पाठाला फ्रेंच पाठाइतकीच मान्यता मिळायला 1967 उजाडले. ज्या देशात स्वल्पविरामाच्या जागेवरून दोन पाठांची तुलना होऊ शकते, तिथला शपथबद्ध अनुवादक वाक्याला वाक्य ठेवायला शिकतो. तेच त्याचे कर्तव्य असते. बातमीचे कर्तव्य याच्या उलट असते. फ्रेंच बातमीतले सहा ओळींचे वाक्य डच वृत्तपत्रात तीन वाक्ये होऊन यायला हवे, पाचव्या परिच्छेदातला निर्णायक तपशील पहिल्यात चढायला हवा. नोंदवहीतल्या कोणाला हे जमणार नाही असे नाही. जमते की नाही हे नोंदवही सांगत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप जन्मजात द्विभाषिकांचा. ब्रुसेल्समध्ये दोन्ही भाषा घरात बोलणारी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांतलाच कोणी का नको? चालेल, पण तो लिहिणारा असला पाहिजे. दोन्ही भाषा बोलता येणे आणि एका भाषेत मुदतीच्या आत छापण्याजोगे लिहिता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. शिवाय ही जोडी वाटते तितकी मुबलक राहिलेली नाही. नेदरलँड्समध्ये 1968 साली माध्यमिक शिक्षणाची फेररचना झाली, त्यानंतर फ्रेंच हा ऐच्छिक विषय होत गेला. फ्लँडर्समध्ये मुले प्राथमिक शाळेतच फ्रेंच शिकू लागतात. म्हणून फ्रेंच उत्तम जाणणारा डच लेखक आज फ्लँडर्समध्ये अधिक सहज मिळतो. उट्रेख्टच्या वाचकासाठी काम असेल तर मात्र त्याचा मजकूर नेदरलँड्सच्या उपसंपादकाच्या नजरेखालून जायला हवा.

तिसरा आक्षेप आज सर्वात बळकट आहे. कोलोनच्या डीपएल कंपनीने ऑगस्ट 2017 मध्ये आपली यंत्रानुवाद सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या सात भाषांत फ्रेंच आणि डच दोन्ही होत्या. या जोडीत यंत्र आज सफाईदार लिहिते, काही सेकंदांत लिहिते, रात्री दोन वाजताही लिहिते. मग माणूस कशाला? यंत्र वापरू नये असे मी म्हणणार नाही. शंभर फ्रेंच बातम्यांतून कामाच्या पाच निवडायच्या असतील तर त्याच्यासारखा मदतनीस नाही, आणि कच्चा मसुदा म्हणूनही तो चालतो. पण वर जे प्रसंग सांगितले त्यांतला धोका भाषेच्या ओबडधोबडपणात नव्हता. ‘64’ हा अंक यंत्र बरोबरच उतरवेल. दुहेरी अर्थाचे संकेतार्थी वाक्य तितक्याच दुहेरी डच वाक्यात उतरवेल, आणि अनुवाद म्हणून त्यात काही चूक काढता येणार नाही. अडचण आहे ती सफाईचीच. पूर्वी वाईट अनुवाद वाचताना उपसंपादक अडखळायचा आणि मूळ मजकूर मागवायचा. आता वाक्य इतके गुळगुळीत असते की शंका यावी अशी जागाच उरत नाही. त्यामुळे माणसाचे काम हलके झाले असे म्हणता येत नाही, ते जास्त सावध वाचनाचे झाले आहे. आकडा कोणाचा हे विचारायला पॅरिसला फोन करणे, संशयिताचे नाव अर्धे ठेवायचे की पूर्ण हे संपादकाशी बोलून ठरवणे, आणि चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहिणे हे कोणीतरी जबाबदारीने करावेच लागते. यंत्राच्या मसुद्यावर हात फिरवण्याच्या कामासाठी 2017 पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पण बातमी तपासणे त्याच्या कक्षेत येत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण तो नीतीचा आहे. पत्रकाराच्या हाती अनुवाद दिला तर तो मूळ लेखकाचा आवाज दडपून आपलाच लेख लिहील, ही ती भीती. ती खरी आहे. वार्तापत्र, स्तंभ, मुलाखत यांत लेखकाची शैली हाच मजकूर असतो. तिथे परिच्छेद हलवण्याचा अधिकार कोणालाही नाही. अवतरणचिन्हातल्या शब्दांना तर बातमीतही हात लावता येत नाही. पण निष्ठा कोणाशी, हा प्रश्न नुसत्या मूळ पाठाकडे बोट दाखवून सुटत नाही. 13 डिसेंबर 2006 च्या संध्याकाळी आरटीबीएफने कार्यक्रम मध्येच थांबवून बातमी दिली की फ्लँडर्सने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. तो बनाव होता. ‘ही काल्पनिका आहे’ ही पाटी पडद्यावर आली तोवर सुमारे अर्धा तास लोटला होता, आणि घबराट पसरली होती. या प्रसारणाचा पाठ कोणी डचमध्ये छापायला घेतला तर क्रमाशी निष्ठा म्हणून खुलासा अर्ध्यातच ठेवायचा का? अभ्यासाच्या पुस्तकात तसाच ठेवावा. दैनिकात तो पहिल्याच ओळीत यायला हवा. चांगल्या अनुवादकाला हा फरक सांगावा लागत नाही. त्याने जिथे क्रम बदलला, जिथे ओळ घातली, ते संपादकाला लिहून कळवले, की आवाज दडपण्याची भीती बरीचशी आटोक्यात येते. बदल लपवणारा अनुवादक मात्र कितीही कुशल असला तरी ठेवू नये.

हे सगळे मान्य केले तर शोध कुठे करायचा ते आपोआप ठरते. आधी दोन्ही भाषांत काम करणाऱ्या वृत्तकक्षांकडे पाहावे: बेल्गाच्या डच डेस्कवरून निवृत्त झालेले किंवा स्वतंत्र काम करणारे, ‘दे टेइट’ आणि ‘लेको’ यांच्या संयुक्त विषयांवर काम केलेले, डच वृत्तपत्रांसाठी पॅरिसहून किंवा ब्रुसेल्सहून वार्तापत्रे पाठवलेले लोक. परदेशांत दडवलेल्या संपत्तीवरच्या 2016 च्या पनामा पेपर्स तपासात बेल्जियममधून फ्रेंच ‘ल स्वार’ आणि डच ‘दे टेइट’, ‘क्नाक’ एकत्र आले होते. असा संयुक्त तपास केलेल्यांना दोन्ही बाजूंचे पुराव्याचे नियम ठाऊक असतात. फ्लँडर्स आणि नेदरलँड्स दोन्हीकडे पत्रकारांच्या संघटना आहेत, त्यांत स्वतंत्र पत्रकारही आहेत. चौकशी तिथेही करावी. डच नियतकालिकांत अनुवादित लेखाखाली बरेचदा अनुवादकाचे नाव असते. ती नावे काही महिने टिपून ठेवली तर कुठल्याही निर्देशिकेपेक्षा चांगली यादी तयार होते, कारण तीत प्रत्येक नावासमोर वाचून पाहता येईल असे काम असते. अनुवादक संघटनांच्या याद्या यानंतर उघडाव्यात, आणि तिथून आलेल्या उमेदवाराकडे छापून आलेले मजकूर मूळ फ्रेंचसह मागावेत.

मग चाचणी. ती मोबदला देऊन घ्यावी. फुकट चाचणीत चांगला माणूस फिरकत नाही. मजकूर तीनशे-चारशे शब्दांचा पुरे, पण निवड विचारपूर्वक व्हावी: ताजी न्यायालयीन किंवा आर्थिक बातमी, तीत दोन-तीन संकेतार्थी वाक्ये, एखादे अवतरण, एखादा असा आकडा जो डच वाचकाला पार्श्वभूमीशिवाय चुकीचा वाटेल. वेळ दोन तास, आणि सोबत मथळा व पोटमथळाही मागावा. परत आलेल्या मजकुरात डच किती सुबक आहे हे कोणीही डच उपसंपादक पाच मिनिटांत सांगेल. त्याआधी पाहायचे ते अनुवादकाने विचारलेले प्रश्न. ज्याने एकही प्रश्न विचारला नाही, त्याला मी दोनदा तपासेन. ज्याने ‘हा खर्चाचा अंदाज अर्थखात्याचा की विरोधी पक्षाचा, मुळात स्पष्ट नाही, मी दोन ठिकाणी पाहिले, अर्थखात्याचा दिसतो’ असे लिहून पाठवले, त्याच्या एखाद्या जड वाक्याकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही. ते वाक्य डेस्कवर सुधारता येते.

शेवटी करार. स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे दिवसाच्या निव्वळ घटनांवर कोणाचा हक्क नसतो, पण त्या घटनांवर लिहिलेल्या लेखावर असतो आणि त्याच्या अनुवादाची परवानगी मूळ हक्कधारकाकडून घ्यावी लागते. ती आणणे हे प्रकाशकाचे काम आहे, अनुवादकाचे नाही, आणि करारात तसे लिहिलेले असावे. बर्न करारानुसारच अनुवादाला स्वतंत्र कृती म्हणून संरक्षण मिळते, म्हणून पुनर्मुद्रणाचा आणि ऑनलाइन वापराचा मोबदला आधीच ठरवावा. चूक निघाली तर दुरुस्ती कोण लिहिणार, मूळ फ्रेंच वृत्तपत्राने नंतर बातमी बदलली तर अनुवाद बदलण्याची जबाबदारी कोणाची आणि त्याचे पैसे किती, हेही त्यात यावे; फ्रेंच संकेतस्थळांवर बातमी दिवसभरात अनेकदा बदलते, आणि सकाळच्या पाठावरून केलेला अनुवाद संध्याकाळी शिळा झालेला असतो. आणि लेखाखाली मूळ बातमीदाराच्या नावानंतर अनुवादकाचे नाव छापले जाईल, हे कलम वगळू नये.